मामानं दिलेला हात

माझ्या सख्ख्या मामानं मला फसवलं आणि त्या फसवणुकीत माझ्या आईचा डोळा गेला. नात्यातले लोक याला फसवणूक म्हणत नाहीत. ‘घडायचं होतं ते घडलं,’ म्हणतात आणि पानाला चुना लावायला घेतात. मी फसवणूकच म्हणतो. माझा जन्म बैलांच्या बाजारात गेला आहे. शब्द कधी दिला गेला आणि कधी मोडला, हे मला कुणी शिकवायला नको.

आईचा डावा डोळा ती लहान असतानाच देवीच्या साथीत गेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यावर तिनं सगळा संसार केला. मी पोरसवदा असतानाच वडील वारले. मेढ्याच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी आमचा एक तुकडा होता, त्यात नाचणीशिवाय फारसं काही येत नसे. आई लोकांच्या खाचरांत भातलावणीला जायची आणि मी लोकांचे बैल बाजाराला हाकत न्यायचो. हाकता हाकता दात बघायला शिकलो, चाल बघायला शिकलो, पुढं दलाल झालो. मला कुणी हात धरून पुढं नेलेलं नाही. सांगलीत नदीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या तेव्हा आईला घेऊन आलो. तोवर लढाई सुरू झाली होती, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या, मोटारी कोळशाच्या गॅसवर धुरकटत चालत होत्या आणि आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

चुलीतला जाळ तिला दिसायचा, तव्यावरची भाकरी दिसायची नाही. बोटं भाजून घ्यायची आणि आम्हाला कळू नये म्हणून पदरात गुंडाळायची. माझ्या बायकोनं एकदा तो पदर सोडवला, तेव्हा मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर तिरसट होता, पण मला आवडला. त्याचा भाव एकच असायचा. तो म्हणाला, “कापायचं काम माझं. ते थोड्या वेळाचं आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम तुमच्या आईचं. डोळ्याला टाका घालत नाहीत. जखम आपली आपण धरेपर्यंत उताणं पडून राहायचं. मान वळवायची नाही. खोकला नको, शिंक नको, शौचाला जोर नको. रडायचं तर मुळीच नाही. यातलं एक जरी झालं तरी जखम उकलेल. दुसरा डोळा असता तर मी इतकं बोललो नसतो.”

“कधी आणू?”

“खोकला गेला, तपकीर सुटली, उताणं झोपता यायला लागलं की आणा. महिना तरी लागेल.”

“पंधरवड्यात तयार करतो.”

“तुम्ही बैल विकता ना?” डॉक्टर म्हणाला. “इथं घासाघीस चालत नाही.”

त्या महिन्याइतकी घासाघीस मी आयुष्यात केली नाही, आणि तीही स्वतःच्या आईशी.

आई तपकीर ओढायची. कमरेला पितळेची डबी असायची. भाकरी खाऊन झाली की एक चिमूट, दळण झालं की एक, उगीच बसली की एक. मी डबी मागितली.

“द्यायची न्हाई,” ती म्हणाली. “डोळा तुझ्या डाक्टराचा, नाक माझं हाय.”

“नाकानं शिंकलीस तर डोळा जाईल.”

“मग जेवल्यावर येक, निजताना येक.”

“जेवल्यावर एक. निजताना नाही.”

“तू मला बैल समजलास व्हय रं?”

शेवटी जेवणावरच्या एका चिमटीवर सौदा ठरला. मग तीच चिमूट मी रोज थोडी लहान करत गेलो. तिला दिसत नव्हतं, पण बोटांना कळायचं. “आज माप मारलंस,” असं म्हणायची. तपकीर सुटली तसं नाक वाहू लागलं. बायको रात्री निजताना कोमट तुपाचा थेंब तिच्या नाकपुड्यांत सोडायची, त्यानं आतली आग निवली. तरी शिंक आलीच तर काय करायचं, हे डॉक्टरनं दाखवलं होतं. नाकाखाली, वरच्या ओठावर बोट दाबून धरायचं आणि तोंडानं हळू श्वास घ्यायचा. आई ते दिवसभर करून बघायची. दारावरून जाणाऱ्या बाया विचारायच्या, म्हातारीची मिशी दुखते का म्हणून.

खोकला तिला दर हिवाळ्यात असायचा. त्यासाठी नदीकाठच्या कुंपणाचा अडुळसा आणला. पानं वाफवून त्यांचा रस मधात द्यायचा. ज्येष्ठमधाची काडी गालात. ताक बंद, शेंगदाणे बंद, तेलातलं बंद. पोट मोकळं राहावं म्हणून रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि निजताना दुधात तूप. सकाळी नदीच्या वाटेनं माझ्या हाताला धरून फेरी. परत आल्यावर पायरीवर बसून सावकाश दीर्घ श्वास. हे सगळं तिनं केलं. कुरकुरत केलं, पण केलं.

उताणं झोपायला मात्र ती तयार होईना. जन्मभर ती कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. खाचरात दिवसभर वाकलेली पाठ सरळ होतच नव्हती. पाठीला तिळाचं तेल चोळलं, गुडघ्याखाली उशी दिली. नदीची वाळू धुऊन, वाळवून, जुन्या लुगड्याच्या पिशव्यांत शिवली आणि तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवली, म्हणजे मान हलायला नको.

“आरं, असं मड्याला निजवत्यात,” ती म्हणाली.

“मड्याला वाळू लावत नाहीत.”

“मग तेवढाच फरक हाय म्हण.”

डोळे बांधून जेवायची सवय केली. पडल्या पडल्या भांडं घ्यायची सवय केली. त्याची तिला इतकी लाज वाटली की दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, फक्त सुनेशी बोलली. पण महिना संपता संपता ती रात्रभर दोन पिशव्यांच्या मध्ये निश्चल पडून राहू लागली. खोकला गेला, शिंक गेली. मी कितीतरी खिल्लारी जोड्या प्रदर्शनासाठी तयार केल्या आहेत, एकीलाही इतकं नीट तयार केलं नव्हतं. डॉक्टरनं तपासलं आणि एवढंच म्हणाला, “ठीक.” मला तेवढं पुरलं.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात औषधाचे थेंब टाकून बधिर केला होता, आई जागीच होती. बाहेर आणली तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी तिच्या डोक्याशी वाळूच्या पिशव्या लावल्या. ती म्हणाली, “लावल्या न्हाईस तरी मी हलणार न्हाई आता.”

त्याच संध्याकाळी मामा आला.

मामा आईचा धाकटा भाऊ, पाटणच्या बाजूचा. कोयनेच्या काठी त्याची जमीन होती. दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली तो उभा दिसला आणि त्याचा चेहरा बघूनच मी समजलो. माझी आजी, म्हणजे त्यांची दोघांची आई, आदल्या दिवशी गेली होती. दहन उरकून तो तसाच निघाला होता.

“अक्काला सांगाय पायजे,” तो म्हणाला.

“नाही सांगायचं.”

“आरं, तिची आई हाय ती. येकच लेक हाय म्हातारीला.”

“आणि तिला एकच डोळा आहे. आज कापलाय. तुम्ही सांगाल, ती रडेल आणि डोळा जाईल. पट्टी सुटली, डॉक्टरनं चष्म्याचं माप घेतलं की मी स्वतः तिला तुमच्या दारात आणतो. मग पोटभर रडा.”

“लोक काय म्हणत्याल? लेकीनं आंघोळ केली न्हाई, सुतक धरलं न्हाई, वर शिरा खाती.”

“लोकांना माझ्याकडं पाठवा.”

मामानं डोळे पुसले आणि म्हणाला, “बरं. तू म्हणतोस तसं.”

मला ‘बरं’ पुरत नाही. मी मामाच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढं धरलं आणि हात त्याच्याखाली घातला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटं धरून सांगतात, आणि शेवटी पंजात पंजा दाबला की सौदा झाला. त्यानंतर कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी बैल फिरत नाही. हे मामाला मी शिकवलेलं नाही, त्यानंच मला शिकवलं होतं. एकदा त्याच्या पांढऱ्या बैलाला हात दिल्यावर कराडचा एक बागाईतदार फार चढा भाव घेऊन आला होता. मामानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तेव्हा दावं धरून शेजारी होतो.

त्या लिंबाखाली मामानं उपरण्याखाली हात घातला आणि माझा पंजा दाबला. पट्टी सुटेपर्यंत अक्काच्या कानावर घालायचं नाही. तो तिला न भेटताच परत गेला.

पुढचे दिवस चांगले गेले. बायको घरून मऊ भात, ज्वारीच्या कण्यांची पेज, साजूक तुपाचा पातळ शिरा आणायची. चावावं लागेल असं काही द्यायचं नव्हतं, जबडा हलला की डोळ्याला ताण येतो म्हणून. मनुकांचं पाणी चालूच होतं. पाठीला कळ लागली की मी चादरीखालून हात घालून तेल चोळायचो. पायांत रक्त धरू नये म्हणून ती पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवायची. मधूनच माहेरचा विषय काढायची. “म्हातारीला निरोप धाडलास का रं, डोळा चांगला हाय म्हणून?” मी म्हणायचो, “धाडला.” बायको बाहेर निघून जायची.

एकदा डॉक्टरनं पट्टी बदलताना डोळा उघडला. खिडकीला काळा पडदा लावलेला होता. त्यानं बोटं धरली, आईनं बरोबर सांगितली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

“पुसट दिसतंय. पर तुझं मुंडासं तांबडं हाय.”

ते तांबडंच होतं. मी ते डोक्यावरून काढून हातात घेतलं, कारण तोंड लपवायला काहीतरी पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाला, “जखम छान धरते आहे. चष्मा लागला की चेहरे दिसतील. आता फक्त थोडा धीर.” आणि पट्टी पुन्हा बांधली.

त्यानंतर एका सकाळी मी दूध आणायला गवळ्याकडं गेलो होतो. परत येताना फाटकापाशीच मला आवाज ऐकू आला. आमच्याकडं मयताला बाया रडतात तसा, लांब, वर चढत जाणारा. मी तो आवाज लहानपणी वडिलांच्या वेळी ऐकला होता. घशातून तोच हेल, तोच चढ. दूध तिथंच ओतलं गेलं.

आत गेलो तेव्हा आई खाटेवर उठून बसली होती. वाळूच्या पिशव्या खाली पडल्या होत्या. मामा खाटेच्या कडेला बसला होता आणि ती त्याच्या गळ्यात पडून रडत होती. पट्टी बांधलेला डोळा तिनं मामाच्या खांद्याच्या हाडावर दाबून धरला होता आणि दर हुंदक्याला तो दाबला जात होता. नर्स तिला मागं ओढत होती, ती सोडत नव्हती. मामाही रडत होता. मामानंही तिला सोडलं नाही. एवढं मी बघितलेलं आहे आणि ते कुणी मला पुसून देऊ शकत नाही.

मी मामाला दंडाला धरून अंगणात आणलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला,

“कावळा शिवला न्हाई रं.”

“काय?”

“दहाव्याला पिंड ठिवला. उन्हं डोक्यावर आली, पर येक कावळा खाली यीना. समोर झाडावर बसल्याले, पर खाली यीनात. आये, तुझ्या नातवंडांचं बघतो म्हणलो, शेताचं नाव घेतलं, गाईचं नाव घेतलं. न्हाई. मग भावकी म्हणाय लागली, म्हातारीचं मन लेकीत आडाकलंय, लेकीला कळवलं न्हाई. मी हात जोडून म्हणलो, आये, तसाच सांगलीला जातो, अक्काला सांगतो. तोंडातनं शबूद पडला आन् कावळा पिंडावर बसला.”

“आणि मला हात दिलेला?”

“तो तुला दिला हुता. ह्यो तिला दिला.”

“दर्भाचा कावळा करतात. भटजीनं सांगितलं नाही?”

“सांगितलं. पर ते खोटं शिवणं. आईचं हाय गड्या, दुसऱ्या कुणाचं असतं तर दर्भाचा केला असता.”

मी म्हणालो, “तुम्ही मेलेल्या बाईची सोय बघितली. जित्या बाईचा डोळा घालवला.” मामानं उपरण्यानं नाक पुसलं. तेच उपरणं, की दुसरं, ते मी बघितलं नाही.

डॉक्टरनं पट्टी सोडली तेव्हा आत रक्त भरलेलं होतं. जखम उकलली होती. त्यानं होईल ते सगळं केलं, पण नंतर डोळा पिकला. कितीतरी दिवस शेक, थेंब, पुन्हा पट्टी. शेवटी एवढंच राहिलं की दार उघडलं की बंद, हे तिला समजायचं. तेही हळूहळू गेलं. डॉक्टर मला म्हणाला, “तयारी तुमची उत्तम होती. इतका धीराचा रोगी मी थोडाच बघितलाय.” मला त्याचा राग आला. न टिकलेल्या डोळ्याच्या तयारीचं कौतुक घेऊन मी काय करणार होतो?

आता जे लिहिणार आहे ते मला पटत नाही, पण घडलं म्हणून लिहितो. आईनं मामाला एका शब्दानं दोष दिला नाही. दोष दिला तो मला.

घरी आल्यावर एके दुपारी ती जोत्यावर बसून होती. मी मामाला शिव्या देत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्येनं सांगितलं. तू न्हाई सांगितलंस.”

“तुझ्या डोळ्यासाठी.”

“माझी आई मेली आन् तू मला शिरा चारलास. गोड लागतोय का, म्हणून इचारलंस. मी गोड हाय म्हणली. ह्ये मी कुठं धुवू?”

“मग डोळा घालवायचा होता का?”

“डोळा माझा हुता. माझ्या डोळ्याचा सौदा तुमी दोघांनी झाडाखाली केला. मला इचारलं का कुणी?”

मी उठून बाजारात गेलो. तिला उत्तर देता येत नव्हतं असं नाही. तिला विचारलं असतं तर सांगणं भागच पडलं असतं. जे न सांगण्यासाठी सगळी खटपट, तेच सांगून परवानगी कशी घ्यायची? मी आजही तेच म्हणतो. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा लपवीन.

त्या वर्षीच्या दिवाळीत भाऊबीजेला मामा आला. मी दारातच अडवणार होतो, पण आई आतून म्हणाली, “येऊ दे त्येला. घर तुझं असंल, भाऊ माझा हाय.” तिनं पाट मांडायला लावला. ओवाळायचं ताट सुनेनं तिच्या हातात दिलं. कुंकू लावताना तिला कपाळ सापडेना. तिची बोटं आधी मामाच्या कानावर गेली, मग भुवईवर, मग कपाळ सापडलं. मामा पाटावर बसून लहान पोरासारखा स्फुंदत होता. आई म्हणाली, “आता रड पायजे तेवढा. आता काय फुटायचं राह्यलंय?” आणि हसली. मी तिथं थांबलो नाही.

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती भिंतीला हात लावत चालली, तांदूळ बोटांनी निवडले, माझ्या नातवाचं तोंड हातानं बघितलं. मामा हयात आहे. लग्नकार्यात वडीलधारा म्हणून पहिल्या पंगतीला बसतो. लोक त्याच्या पाया पडतात. तो शब्दाचा माणूस आहे असं पाटणच्या बाजूला अजून सांगतात. स्वतःच्या मेलेल्या आईला दिलेला शब्द पाळायला तो कसा सुतकात सांगलीपर्यंत आला, ही गोष्ट त्याची पोरं मोठ्या अभिमानानं सांगतात. त्या गोष्टीत उपरणं नाही. माझा हात नाही. आईचा डोळाही नाही.

आईनं माफ केलं असेल. तो तिचा भाऊ होता आणि डोळा तिचा होता. पण हात माझ्या हातात दिला होता, त्याची माफी द्यायचा अधिकार तिचा नव्हता. तो माझा आहे, आणि मी दिलेली नाही.

मामा, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे तुमच्या थोरल्या लेकाकडून वाचून घ्या. मधलं काही गाळू नका असं त्याला सांगा. दहाव्याला घाटावर तुम्ही जो शब्द तुमच्या आईला देऊन टाकलात तो तुमच्याकडं शिल्लक होता का? तो आठ दिवस आधी तुम्ही मला दिलेला होता. एकदा हात दिलेला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. मला पैसा नको, पाया पडणं नको. पुढच्या कार्याला पंगत बसायच्या आधी उभे राहा आणि सगळ्या भावकीसमोर या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मी समोरच बसलेला असेन.